रेंज: पल्ला, टप्पा की आहे तेच?

पागोळी:
एका शब्दावर अडले आहे. पुण्यातल्या एका नव्या कंपनीच्या विजेवरच्या स्कूटरचं ॲप मी मराठीत करतेय. त्यात 'रेंज' दोन ठिकाणी येतो. एकदा बॅटरीवर गाडी अजून किती किलोमीटर जाईल या अर्थी, आणि एकदा फोन गाडीपासून लांब गेल्यामुळे ब्लूटूथ तुटलं या अर्थी. मी दोन्हीकडे रेंज तसाच ठेवला. गाडी चालवून बघायला हडपसरला मावशीकडे दिली होती. पडद्यावर 'रेंज कमी आहे' असं आलं, तशी ती फोन घेऊन गच्चीवर गेली. तिथे दांड्या पूर्ण दिसल्या म्हणून निर्धास्त होऊन सासवडला निघाली, आणि दिवे घाटाच्या चढाला गाडी बंद पडली. चूक माझ्या शब्दाची होती, ते मनाला लागलंय. आता मी 'पल्ला' सुचवलाय, पण कंपनीतले म्हणतात पल्ला म्हणजे साडीचा पदर. तुम्ही काय लिहाल?

अनुस्वार:
पदर तो पदरच, पल्लू हिंदीतला. 'लांब पल्ल्याची गाडी', 'लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र' हे आपण वर्षानुवर्षं वाचतोय, 'मोठा पल्ला गाठायचाय' हे घरोघरी बोलतात. बॅटरीसाठी पल्लाच. आणि ब्लूटूथसाठी 'टप्पा' आहे की! बंदुकीच्या टप्प्यात, नजरेच्या टप्प्यात. पल्ला हा गाडीचा गुण आहे, टप्पा हे दोघांमधलं नातं आहे: कोण कोणाच्या टप्प्यात आहे. इंग्रजीत जे एकाच शब्दात कोंबलंय ते मराठीत आधीच वेगळं केलेलं आहे. मग मावशींना घाटात का उभं करायचं?

दोनचाकी:
टप्पा म्हटलं की मला एसटीच दिसते. वडील वाहक होते. सहा किलोमीटरचा एक टप्पा, त्यावर भाडं. मला पाढ्यांआधी टप्पे पाठ झाले होते. सरकारी कागदात अजूनही 'टप्पा वाहतूक' असतं. 'फोन टप्प्याबाहेर गेला' वाचून मला काहीही उमगणार नाही.

शिवाय गाडीच्या बाबतीत आपण आधीच एक शब्द असा वाकवलाय. 'गाडी ॲव्हरेज किती देते?' ते ॲव्हरेज म्हणजे नुसती सरासरी नाही, लिटरमागे किती पळते ते. पेट्रोलवाल्या गाडीला ॲव्हरेज, विजेवाल्या गाडीला रेंज. माझ्या दुकानात येणारं गिऱ्हाईक 'रेंज किती?' असंच विचारतं, पल्ला कोणी विचारलेला नाही.

रानवाट:
वनखात्यात हयात गेली, म्हणून सांगतो. रेंज शब्द मोबाईलच्या कितीतरी आधी आमच्याकडे होता. कागदावर 'वनपरिक्षेत्र अधिकारी', लोकांच्या तोंडी 'रेंजरसाहेब'. पोलिसांतही 'कोल्हापूर परिक्षेत्र' असतं. मी पाटीवर परिक्षेत्र लिहिलं आणि बोलताना आयुष्यभर रेंजच म्हटलं. दोन्ही एकत्र नांदले, कोणी कोणाला हाकललं नाही.

वऱ्हाडी:
आमच्याकडे मोबाईलला रेंज म्हणतच नाहीत सगळे. 'टावर नाही भेटत' म्हणतात. पागोळीताईंची मावशी यवतमाळची असती तर गच्चीवर गेली नसती.

खाडीकाठ:
रेंजला परका म्हणण्याआधी जरा थांबा. २०२० च्या टाळेबंदीत कोकणातली मुलं अभ्यासासाठी डोंगरावर जाऊन बसत होती. माझी भाची त्यांतलीच. आमच्या गावात एक कातळ आहे, त्याला आता सगळे 'रेंजचा कातळ' म्हणतात. सत्तरीची म्हातारीसुद्धा 'रेंजवर जाऊन येते गो' म्हणते, म्हणजे मुंबईच्या मुलाशी बोलून येते. शब्दाला गावात जागा मिळाली, वाट मिळाली. आणखी काय झालं म्हणजे तो मराठी होतो?

अनुस्वार:
खाडीकाठ, तुमच्या कातळाला माझा नमस्कार. रुळलेल्या शब्दाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते एका शब्दाने चौघांची जागा खाण्याशी. साड्यांची रेंज, किमतीची रेंज, आवाजाची रेंज, गाडीची रेंज. आवाका, पल्ला, टप्पा, प्रकार हे सगळे त्याखाली बुजतात. 'महापौर' आणि 'दिनांक' हे सावरकरांनी सुचवले तेव्हा तेही कोणाच्या तोंडी नव्हतेच. लिहिणाऱ्याने आधी लिहावं लागतं. गिऱ्हाईक पल्ला विचारत नाही, कारण दुकानातल्या फलकावर तो लिहिलेलाच नसतो.

पागोळी:
काल मावशीलाच विचारलं. ती म्हणाली, 'नाव कशाला हवं? सरळ लिही, अजून २२ किलोमीटर जाईल.' मला एकदम पटलं. पण कंपनी म्हणते 'जाईल' हे वचन झालं, घाटात अडकलेला माणूस भांडायला येईल. आणि चौकटीत जागा जेमतेम नऊ अक्षरांची.

दोनचाकी:
कंपनीचं यात चुकत नाही. प्रमाणपत्रावरचा आकडा ठरलेल्या चाचणीतून येतो. रस्त्यावर डबलसीट, चढ, वारा, चाकातली हवा, सगळं त्यातून वजा होतं. मी गिऱ्हाइकाला नेहमी दोन आकडे सांगतो, कागदावरचा आणि घाटातला. 'अंदाजे' हवंच.

वऱ्हाडी:
पल्ल्यावरून आठवलं. आमच्या आजोळी पल्ला म्हणजे धान्याचं माप. तीन मणांचा एक पल्ला, म्हणजे १२० शेर. 'यंदा ज्वारी किती पल्ले झाली?' असं आजोबा विचारायचे. अंतर आणि वजन एकाच शब्दात कसं आलं?

रानवाट:
मला वाटतं बैलामुळे. पाठीवर जेवढं लादून जनावर एका मजलेत नेतं, ते ओझंही पल्ला आणि ती मजलही पल्ला. कोशाचा आधार नाही, माझा तर्क आहे.

अनुस्वार:
तीन मण एका बैलाच्या पाठीवर? फार होतं.

रानवाट:
गोणी दोन्ही बाजूंना लोंबते. दीड मण इकडे, दीड मण तिकडे.

खाडीकाठ:
आमच्याकडे मापाला खंडी म्हणत. पल्ला ऐकला नव्हता. देशावर सगळीकडे तीनच मणांचा का?