मदत हवी आहे: एका वर्गात चार भाषा, आणि शिक्षकांची तयारी करून घ्यायची दीड तासात

कातळावरची_बाई

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. शाळा दोनशिक्षकी, पट एकवीस. पुढच्या महिन्यात केंद्राची (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची) शिक्षण परिषद आमच्याकडे आहे आणि केंद्रप्रमुखांनी 'बहुभाषिक वर्गातलं वाचन-लेखन' हा विषय माझ्या गळ्यात बांधलाय. दीड तास, वीस-बावीस शिक्षक. माझ्या वर्गात नेपाळी, कानडी, लमाणी आणि मालवणी अशी सगळी पोरं आहेत, म्हणजे मला यातलं कळत असणार, असा त्यांचा समज. कळत नाही, म्हणून तर इथे धागा काढलाय.

थोडं आमच्याकडचं सांगते. हापूसच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबं दिवाळीच्या आसपास येतात आणि मे संपता संपता जातात. चिरेखाणीवर विजापूर-बागलकोटकडची कानडी आणि लमाणी माणसं. पावसात खाण बंद पडली की तीही गावी जातात. त्यामुळे जूनमध्ये वर्ग निम्मा आणि जानेवारीत भरलेला. जानेवारीत आलेल्या मुलाला एप्रिलपर्यंत 'निपुण' करायचं. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे हे सरकारच्या 'निपुण भारत' अभियानात २०२१ पासून ऐकतेय, मला ते मान्यही आहे. पण प्रशिक्षणात जी मुलं धरलेली असतात ती घरी प्रमाण मराठी बोलतात. ती आमच्याकडे एकही नाही. मालवणी पोर सुद्धा 'माका भूक लागली हा' असं लिहितं आणि आम्ही खाली लाल रेघ ओढतो.

आता माझी चूक सांगते. तिसरीत एक नेपाळी मुलगी आली. वाचनाचा स्तर बघताना पावसाचं चित्र दाखवलं, ती म्हणाली, "पानी." मी सांगितलं, पाणी नाही, पाऊस. ती पुन्हा "पानी". नळाचं चित्र दाखवलं, तरी "पानी". मी नोंद केली, 'चित्र ओळखत नाही'. वाचायला दिलं तर 'शाळा'ला 'साला' वाचलं. वर्ग फिदीफिदी हसला. त्यानंतर तिने मोठ्याने वाचणं बंदच केलं. वहीत 'अक्षर स्तर' लिहून मी मोकळी.

दोन महिन्यांनी तिचा बाप फळांच्या पेट्यांचं काहीतरी विचारायला शाळेत आला, तेव्हा कळलं की नेपाळीत पाऊस पडला म्हणायचं तर 'पानी पर्‍यो' म्हणतात. आणि ती पहिली-दुसरी तिकडच्या शाळेत शिकून आलीय. मोबाइलवर नेपाळी गोष्ट काढून दिली तर पोरीने घडाघडा वाचली. लिपी देवनागरीच ना! वाचता तिला येतच होतं, येत नव्हती ती मराठी. आणि मी तिला दोन महिने बाराखडी गिरवायला लावलं.

तर प्रश्न असा. हे वीस जणांना सांगायचं कसं? आम्ही सगळे थकलेले लोक आहोत. स्लाइड दाखवली की मागच्या रांगेत मोबाइलवर वरून मागवलेली माहिती भरायचं काम सुरू होतं (आणि ती माहिती खरंच त्याच दिवशी हवी असते, त्यात त्यांचा दोष नाही). मला 'बहुभाषिकतेचं महत्त्व' नकोय. सोमवारी वर्गात गेल्यावर शिक्षक काहीतरी वेगळं करेल असं काही हवंय. कोणी असं सत्र घेतलंय का?

---

पेजभात

बाईनू, आधी वेळ दुपारच्या जेवणानंतरची घेऊ नका, एवढाच अनुभवाचा सल्ला. बाकी जाणकार सांगतील. वाचतोय.

---

चाकरमानी_७२

एक शंका, राग मानू नका. मराठी शाळा एकेक करून बंद पडतायत आणि आपण त्यात नेपाळी-कानडी शिकवायची? ती मुलं महाराष्ट्रात आलीत, त्यांनी मराठी शिकावी. आम्ही मुंबईला आलो तेव्हा आमच्यासाठी कोणी मालवणी बोलत नव्हतं.

---

कातळावरची_बाई

दादा, राग कसला. एकवीसातली नऊ बाहेरची आहेत. ती नसती तर तुम्ही म्हणताय त्या बंद शाळांत आमची एक वाढली असती. आणि कानडी मी शिकवणार कशी, मला येतच नाही. शिकवायची मराठीच आहे. ती कुठून सुरू करायची, एवढाच प्रश्न आहे.

---

निवृत्त_फळा

ताई, मी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत बरीच वर्षं अधिव्याख्याता होतो. अशी सत्रं पुष्कळ घेतली आणि त्यातली बहुतेक फुकट गेली, हे आधी कबूल करतो. जी दोन-तीन लागू पडली त्यावरून लिहितो.

चाकरमानी साहेबांसाठी आधी. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम २९ सांगतं की शक्य असेल तिथवर शिक्षणाचं माध्यम मुलाची मातृभाषा असावं. राज्यघटनेतला अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांबद्दल हेच म्हणतो, तो १९५६ सालच्या दुरुस्तीने आला. चार भाषांच्या वर्गात मातृभाषेचं माध्यम शक्य नाही, कबूल. पण घरच्या भाषेला वर्गात तोंड उघडू देणं शक्य आहे, आणि मराठी त्यानेच लवकर येते.

आता सत्राचं. शिक्षकांना मुलांच्या चुका वाचायला शिकवा. प्रत्येकाला वर्गातल्या एका परभाषिक मुलाचं मिनिटभराचं वाचन मोबाइलवर टिपून आणायला सांगा. परिषदेत ते ऐकायचं आणि चुकांचे तीन ढीग करायचे. पहिला, घरच्या बोलीचा उच्चार. दुसरा, शब्द वाचला पण अर्थ माहीत नाही. तिसरा, अक्षरच ओळखता आलं नाही. बाराखडी गिरवायचं औषध फक्त तिसऱ्या ढिगाला लागू पडतं. आपण ते तिन्हींना पाजतो.

तुमचंच उदाहरण घ्या. बोलण्यातल्या नेपाळीत ळ नाही, आणि श-ष-स तिन्ही 'स' होतात. म्हणजे 'शाळा'चं 'साला' होणार हे ठरलेलं. तिने अक्षरं बरोबर ओळखली, तिच्या जिभेने वाचली. तो पहिला ढीग. पुढे लक्ष ठेवा, आपल्या 'चमच्या'त जे दोन वेगळे च आहेत त्यातला दुसराच तिच्याकडे आहे. 'चिमणी' ती 'चूल'मधल्या च ने वाचेल. वाचू द्या. अर्थ कळला ना, मग उच्चार कानावर पडून पडून येतो. आपल्यातले किती जण ष नीट म्हणतात?

दुसऱ्या ढिगाबद्दल एक गोष्ट शिक्षकांना आवर्जून सांगा. ते म्हणतील, 'पोरगी मैदानात मराठी फाडफाड बोलते, मग पुस्तकात का अडते?' कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी हा फरक मांडला. बोलण्यापुरती दुसरी भाषा साधारण दोनेक वर्षांत येते. पुस्तकी, अभ्यासाची भाषा मुरायला पाच ते सात वर्षं लागतात. मैदानावरची मराठी ऐकून आपण फसतो.

आणि सुरुवातीची पंधरा मिनिटं शिक्षकांना विद्यार्थी करा. त्यांना न येणाऱ्या लिपीत. खाणीवर कानडी शाळा शिकलेली एखादी आई असेल तर तिला बोलवा. तीन-चार अक्षरं शिकवू दे, त्यांचे शब्द वाचून घेऊ दे. मराठीत खुलासा करू देऊ नका. मी हे उर्दूत केलं होतं, आमच्याच एका मुस्लिम सहकाऱ्याने शिकवलं. दहाव्या मिनिटाला एक मुख्याध्यापक शेजाऱ्याच्या वहीत डोकावून उतरवून घेत होते.

---

वीटभट्टीवाली

सरांशी सहमत. मी पालघर जिल्ह्यात, वारली आणि कातकरी मुलांबरोबर काम करते. आमच्या या किनाऱ्याला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळाच कुरणावर नेली, आणि साहित्य म्हणून शिंपले, बिया, खडे. तुमच्याकडे कातळ आहे, समुद्र आहे, आंब्याच्या पेट्या आहेत. पेटीवरची अक्षरं ही त्या मुलीने रोज पाहिलेली मराठी आहे. तिथून सुरू करा की.

मी करते ते सांगते. मूल त्याच्या भाषेत एक वाक्य बोलतं. मी ते तसंच्या तसं देवनागरीत लिहिते, दुरुस्त न करता. खाली तेच मराठीत, वर्गातल्या इतर मुलांनी सुचवलेलं. चित्र मूल काढतं. अशी आठ पानं झाली की दाभणाने शिवून पुस्तक. स्वतःचं वाक्य असतं त्यामुळे अर्थाचा प्रश्नच येत नाही, लक्ष अक्षरावर राहतं. शिवाय स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर नेपाळी, कानडी, मराठी गोष्टी फुकट मिळतात, पुष्कळदा एकच गोष्ट दोन-तीन भाषांत.

सत्राबद्दल एकच. दीड तासात काही बदलत नाही. शेवटी प्रत्येकाकडून पुढच्या परिषदेला एका मुलाचं एक पान आणायचं कबूल करून घ्या. फोटो नको, पान.

---

पेजभात

लमाणी पोरांचं काय करायचं पण? कानडीवाले त्यांना कानडी समजतात, आम्ही त्यांनाही कानडी समजतो. माझ्याकडे एक होता, 'बाटी खायी' म्हणायचा, मला वाटलं राजस्थानी पदार्थ. त्यांच्यात बाटी म्हणजे भाकरी, साधं जेवण.

---

कातळावरची_बाई

धागा वर काढते. परिषद झाली. सगळ्यांचे आभार, आणि हा वृत्तांत.

बावीस येणार होते, सतरा आले. वेळ दुपारनंतरचीच मिळाली, पेजभात, माफ करा.

खाणीवरची एक आई आली. कानडी शाळेत सातवी झालेली. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडणार होती, ती आम्ही वर्गणी काढून दिली. खडू हातात घेताना तिचा हात थरथरत होता. तीन अक्षरं काढली, गोल गोल, जिलबीसारखी. म, र, न. सगळ्यांकडून म्हणून घेतली. मग म आणि र जोडून लिहिलं आणि पहिल्या रांगेतल्या आमच्या सर्वांत ज्येष्ठ गुरुजींकडे बोट केलं.

गुरुजी उठले, वाचलं, "मर."

सभागृह खो खो हसलं. ती बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली, म्हणाली, "मर नाही गुरुजी, मरा." आणि खिडकीबाहेरच्या फणसाकडे हात केला. मरा म्हणजे झाड. गुरुजींनी पुन्हा वाचलं, "मर." तिसऱ्यांदा पण "मर". आपल्याला शेवटचा अ गिळायची सवय, त्यांच्याकडे तो पुरता म्हणतात. गुरुजींचे कान लाल झाले होते. मग मागून एक तरुण बाई एकदम ओरडली, "अहो, माझ्याकडची ती पोरगी 'घर'चं 'घरा' वाचते, 'कमळ'चं 'कमळा'! मी काना पुसून पुसून दमले!"

त्यानंतर पाच मिनिटं कोणी मोबाइलकडे बघितलं नाही. माझ्या नोकरीत मी हे पहिल्यांदा पाहिलं.

सरांचे तीन ढीग मात्र अर्धेच झाले. रेकॉर्डिंग सहाच जणांनी आणली होती, त्यातल्या दोनांत फक्त वारा आणि कोंबडा. पण चार नीट ऐकली. वाद झाले. 'पणस' हा पहिला ढीग की चूक? मालवणी पोराने पुस्तकातलं 'फणस' बघून 'पणस' वाचलं होतं. निम्मे म्हणाले चूकच, गावातल्या पोराला तरी नीट आलं पाहिजे. मला वाटतं नेपाळी मुलीला सूट द्यायला आम्ही तयार होतो, आपल्या बोलीला नाही. तो वाद मिटला नाही, वेळ संपला.

पानांचं कबूल करून घेतलंय. बघू किती येतात. गुरुजी जाताना त्या बाईकडून तिसरं अक्षर पुन्हा काढून घेऊन गेले, वहीत.

आमच्या मुलीचं पुस्तक चार पानांचं झालंय. पहिल्या पानावर वर 'पानी पर्‍यो', खाली 'पाऊस पडला'. मेमध्ये ती जाईल तेव्हा शिक्षण हमी पत्रकाबरोबर (स्थलांतर करणाऱ्या मुलाला पुढच्या शाळेसाठी देतात ते) तेही देणार आहे.

आता नवी अडचण. वीटभट्टीवाली ताईंच्या पद्धतीने खाणीवरच्या लमाणी मुलाचं वाक्य लिहायला बसले. 'याडी' म्हणजे आई एवढं कळलं, पुढचं तो भराभर बोलतो आणि मला शब्द कुठे तुटतो तेच कळत नाही. कानडी आईला ती बोली येत नाही, त्याच्या आईला लिहिता येत नाही. इथे कोणी गोरबोली, म्हणजे लमाणी, बोलणारं आहे का? वीस सेकंदांचं रेकॉर्डिंग आहे, तेवढं ऐकून लिहून दिलंत तरी चालेल.

---

तांड्याकडचा

मी आहे, सोलापूरकडचा. घरी तीच बोली. व्यनि (खासगी निरोप) केलाय, पाठवा.