अनुभव धागा: रेसिंग गेममधलं स्टिअरिंग तुमच्या हाताला कसं बसलं?

धागाकर्ती, रत्नागिरी

एकच गेम, एकच कंट्रोलर, आणि त्याच सेटिंगबद्दल दोन उलट तक्रारी. मे महिन्यात घर भरलं की धाकटा भाचा म्हणतो, "मावशी, जरा हलवलं तरी गाडी नाचते." मोठी म्हणते, "वळतच नाही ही!" दोघंही खरं बोलत असतात. धाकटा स्टिकला, म्हणजे कंट्रोलरवरच्या अंगठ्याने हलवायच्या दांडीला, सतत टोचत राहतो, मोठी ती हळूच कलवते. म्हणून नेटवरून कुणाचे तरी आकडे उतरवून घेण्यापेक्षा एकमेकांचे अनुभव वाचलेले बरे, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात मीच करते. 'सेन्सिटिव्हिटी' या एका नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी येतात, आणि प्रत्येकीची सेटिंगमध्ये सरकवायची एक पट्टी असते. डेडझोन म्हणजे स्टिक मधल्या जागेवरून किती सरकली तरी गेमने दुर्लक्ष करायचं. लिनिअॅरिटी किंवा गॅमा म्हणजे मधल्या भागात गाडीने किती हळुवार वागायचं. मी 'असेटो कोर्सा' खेळते. त्यात गॅमा १ असेल तर अर्ध्या स्टिकला साधारण अर्धं वळण मिळतं. गॅमा २ केला की अर्ध्या स्टिकला पावच मिळतं, पूर्ण स्टिकला मात्र पूर्णच. सरळ रस्त्यावर नाचणारी गाडी अशी शांत होते आणि आखूड वळणातली ताकदही जात नाही. तिसरी पट्टी वेगाशी बांधलेली: वेग वाढेल तसं वळण कमी मिळतं.

तपासायला मी इटलीतल्या मॉन्झाचा ट्रॅक घेते. तिथल्या पहिल्या वळणजोडीत पूर्ण वेगातून एकदम ब्रेक मारून चाकं भरपूर वळवावी लागतात, आणि शेवटच्या लांब उजव्या वळणात अंगठा एकाच जागी धरून ठेवावा लागतो. दोन्ही जमलं की सेटिंग बसलं. एका वेळी एकच पट्टी हलवते, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

तुम्हीही लिहा. पण नुसता आकडा नको. हातात काय धरता, गाडी कुठे त्रास देत होती आणि काय बदलल्यावर काय झालं, ते सांगा.

देवगड

ताई, आमचं सगळं फोनवर. रेसिंग गेम, फोन तिरका करून. सेन्सिटिव्हिटी कमी ठेवली की मनगट जास्त वळवावं लागतं आणि स्क्रीनच डोळ्यांसमोरून तिरकी होते. जास्त ठेवली की हाताची थरथरही गाडीला कळते. मी मधल्यापेक्षा किंचित वर ठेवतो आणि कोपर टेबलावर टेकवतो. कोपर टेकवल्यावर जेवढा फरक पडला, तेवढा पट्टी हलवून कधी पडला नाही.

एक गंमत वाटलेली गोष्ट. कोल्हापूरला जाताना फोंडा घाटात एसटीत खेळत होतो. बस उजवीकडे वळली की गेममधली गाडी आपोआप डावीकडे जायची. फोन किती कलला हे सेन्सर गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून ओळखतो. वळणात बसचा बाहेरच्या बाजूचा ओढा त्यात मिसळतो, आणि फोनला वाटतं आपण कललो. तेव्हा प्रवासात टिल्ट बंद करून स्क्रीनवरची बटणं घ्या.

मालवण

माझा मुद्दा जरा वेगळा आहे. आमची मासेमारीची होडी आहे. सुकाणू फिरवलं की होडीचं नाक जरा थांबून वळतं, म्हणून आम्ही आधीच फिरवतो आणि आधीच परत आणतो. घरच्या टीव्हीवर गेम लावला तेव्हा गाडी हुबेहूब तशीच वागत होती. मित्र म्हणाला सेन्सिटिव्हिटी वाढव. वाढवली तर गाडी उशिरा वळायची ती वळायचीच, वर जास्त वळायची.

दोष स्टिअरिंगचा नव्हताच. टीव्ही चित्र सुंदर करण्यात वेळ घालवतो, आणि तेवढ्या वेळाने आपला अंगठा पडद्यावर दिसतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो, तो लावला आणि गाडी हाताबरोबर वळायला लागली. कुठल्याही पट्टीला हात लावण्याआधी हे बघा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कणकवली

बाबा एसटीतून निवृत्त झाले. उभी नोकरी घाटात गेली, त्यातली सुरुवातीची वर्षं पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाड्यांवर. भावाने लॉजिटेकचं जी२९ चाक आणलं तेव्हा त्यांना 'युरो ट्रक सिम्युलेटर २' लावून दिला. पाचच मिनिटांत म्हणाले, "ह्यो ट्रक नाय. जरा हात लागलो की उडी मारता."

बघितलं तर भावाने रेसिंगच्या गाड्यांसाठी चाकाचा फेर २७० अंशांवर आणलेला. म्हणजे पाऊण फेऱ्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्या चाकाचा पूर्ण फेर ९०० अंशांचा, अडीच फेरे. तो परत लावला. खऱ्या बसचं स्टिअरिंग त्याहूनही जास्त फिरतं, त्यामुळे बाबांना अजून ते हलकंच वाटत होतं. मग मधला भाग हळुवार करणारी गेममधली नॉनलिनिअॅरिटीची पट्टी थोडी वाढवली. हायवेवर ट्रक शांत झाला आणि ट्रेलर मागे घेताना पूर्ण वळणही मिळत राहिलं.

त्यानंतर त्यांनी मला शिकवलं, आणि हे कुठल्याच पट्टीत नाही. वळण संपलं की मी चाक ओढून सरळ करायचे. ते म्हणाले, "खेचू नको गो, सोडून दी. ता आपणच सरळ जाता." धावत्या गाडीची चाकं स्वतःहून सरळ व्हायला बघतात, आणि फोर्स फीडबॅकचं, म्हणजे आतल्या मोटरने हाताला ओढ देणारं, चाक तेच हाताला सांगत असतं. बोटं सैल ठेवून त्याला परत येऊ दिलं की गाडी डुलत नाही. फोर्स फीडबॅक बंद करून खेळणाऱ्यांनी एकदा तरी तो लावून बघावा. बाबा आता रोज संध्याकाळी जर्मनीत माल पोचवतात, आणि आम्ही दोघं शेजारी बसून आरसे बघतो.

गुहागर

समुद्राकाठी राहणाऱ्यांसाठी लिहितो. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत कंट्रोलर नीट जपला नाही तर लवकर कुरकुरतो. माझी गाडी हात न लावता डावीकडे ओढायला लागली. साध्या स्टिकच्या आत घासणारे भाग असतात, ते झिजले किंवा त्यांत घाण गेली की मधली जागा हलते. याला ड्रिफ्ट म्हणतात.

डेडझोन डोळे मिटून वाढवू नका. विंडोजवर 'जॉय डॉट सीपीएल' चालवलं की एक छोटी खिडकी उघडते, त्यात स्टिक सोडल्यावर खूण कुठे थांबते ते दिसतं. ती जेवढी बाजूला थांबते त्याच्या किंचित वर डेडझोन ठेवायचा. त्याहून जास्त ठेवलात तर छोट्या दुरुस्त्या गिळल्या जातात आणि लांब वळणात गाडी धक्क्या-धक्क्याने जाते. नवा कंट्रोलर घ्यायचाच असेल तर हॉल सेन्सरच्या स्टिकवाला बघा. त्यात चुंबकावर मोजणी होते, मोजणाऱ्या भागाची घासाघीस नाही. खेळून झालं की मी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो. पावसाळ्यात तर ठेवतोच.

दापोली

मला वरच्या सगळ्यांशी थोडं भांडायचं आहे. हात शिकतो. दर हरलेल्या शर्यतीनंतर पट्टी हलवली तर त्याने शिकायचं कधी? मी 'फोर्झा होरायझन ५' जसा आला तसा, स्टिअरिंग लिनिअॅरिटी ५० वर, बराच काळ खेळले आणि आता ओल्या मातीतसुद्धा गाडी हवी तिथे जाते. ड्रिफ्ट किंवा टीव्हीचा उशीर हे बिघाड आहेत, ते काढाच. बाकीचं हातावर सोडा.

सावंतवाडी

दापोलीच्या ताई, बहुतेकांसाठी तुमचं बरोबर असेल. पण माझा डावा अंगठा अपघातानंतर पूर्ण वळत नाही. स्टिक शेवटपर्यंत जातच नाही, त्यामुळे आखूड वळणात गाडी नेहमी बाहेर जायची. हात कितीही शिकला तरी तिथे पोचणार नव्हता. तुमच्याच फोर्झामध्ये डेडझोनची बाहेरची मर्यादा असते. ती कमी केली की स्टिक जिथपर्यंत जाते तिथेच गेम पूर्ण वळण धरतो. एफ-वन गेममध्ये सॅच्युरेशन वाढवून हेच होतं. मात्र आता थोड्या हालचालीत सगळं वळण आलं, म्हणून मधला भाग हळुवार करायला लिनिअॅरिटीही बदलावी लागली. या दोन पट्ट्यांमुळे मी पुन्हा मित्रांबरोबर खेळतो. ज्यांनी हात दुखतो म्हणून खेळणं सोडलंय त्यांना हे कृपया सांगा.

श्रीवर्धन

कीबोर्डवाल्यांसाठी काही आहे का?

धागाकर्ती, रत्नागिरी

आहे. सावंतवाडीच्या दादांचा प्रतिसाद मी आमच्या गटात पाठवला, आभार.

कीबोर्डवर बटण एकतर दाबलेलं असतं नाहीतर सुटलेलं, त्यामुळे गॅमा आणि डेडझोन तिथे निरुपयोगी. गेम स्वतःच चाकं हळूहळू वळवतो. म्हणून चाकं वळण्याचा वेग आणि बटण सोडल्यावर सरळ होण्याचा वेग या पट्ट्या शोधा. असेटो कोर्सात उलट बाजूचं बटण दाबल्यावरचा वेगही वेगळा लावता येतो. वळण्याचा वेग कमी, सरळ होण्याचा थोडा जास्त आणि उलट बाजूचा सगळ्यात जास्त, असं ठेवून बघा: मागचा भाग सुटला तर गाडी लगेच सावरता येते. लांब वळणात बटण धरून ठेवू नका, टिचक्या मारत राहा. आणि कुठला गेम खेळता ते सांगा, मग नेमकं बोलता येईल.