‘नियंत्रित आग’, ‘विहित दहन’ की आणखी काही?

बोरिवलीकर:
संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या सोसायट्यांसाठी वणव्यावरचं माहितीपत्रक मराठीत करतो आहे. दोन जागी अडलोय. ‘प्रिस्क्राइब्ड बर्निंग’ला, म्हणजे पुढे वणवा पसरू नये म्हणून सुकं गवत-पाचोळा आधीच ठरवून जाळण्याला, कुठे ‘नियंत्रित आग’ तर कुठे ‘विहित दहन’ असं वाचलं. यातलं काय घ्यावं? आणि उपग्रहावरून येणाऱ्या ‘फायर अलर्ट’ला ‘वणव्याची सूचना’ म्हटलं तर चालेल का?

मुलुंडकर:
आधी ‘दहन’ काढा. दहन म्हटलं की होलिका, रावण नाहीतर स्मशान आठवतं. गवत आपण जाळतो, तेव्हा ‘जाळणे’च ठेवा. आणि मुद्दाम लावलेल्या आगीला कुठेही ‘वणवा’ म्हणू नका. वणवा लागतो किंवा पेटतो. कुणी लावला असेल तर तो गुन्हा. राखीव जंगलात आग लावायला १९२७च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ने बंदी आहे.

भांडुपहून:
माझं माहेर शहापूरकडचं. आमच्याकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. पावसाच्या आधी जमिनीच्या तुकड्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत असे थर घालायचे आणि वर माती भुरभुरायची. पेटवायचं ते वारा जिकडे वाहतो त्या टोकाकडून, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकते. राब धुमसला पाहिजे, भडकता कामा नये. माती भाजली की तणाचं बी मरतं आणि राखेवर रोप जोमाने येतं. ठरवून, बेताने जाळण्याला आपल्याकडे ‘भाजणे’ आहेच की! तेच का घेऊ नये?

मुलुंडकर:
ताई, शब्द सुरेखच आहे. पण राबात भाजायची असते ती माती. इथे हेतू सुकं गवत आणि पाचोळा आधीच संपवण्याचा आहे, म्हणजे पुढे ठिणगी पडली तरी आगीला खायला काही उरत नाही. ‘रान भाजणे’ म्हटलं तर वाचणारा गोंधळेल.

गोरेगावकर:
‘नियंत्रित’ या शब्दाला माझी ठाम हरकत आहे. आग ताब्यात राहीलच, असं आश्वासन त्यात दडलेलं आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये एप्रिल २०२२ मध्ये वनखात्याने रीतसर लावलेली आग वाऱ्याने हाताबाहेर गेली, दुसऱ्या एका वणव्याला जाऊन मिळाली आणि एकूण ३ लाख ४० हजार एकरांहून जास्त जमीन जळाली. त्या राज्याच्या नोंदींतला तो सर्वांत मोठा वणवा. मूळ शब्दात नियंत्रणाचा दावा नाहीच. वारा किती, हवेत दमटपणा किती, गवत किती सुकलेलं, हाताशी माणसं किती, हे सगळं आधी कागदावर ठरतं. त्यातली एक अट जरी बसली नाही तरी त्या दिवशी काडी लावायची नाही.

म्हणून अर्थाने ‘विहित’ अचूक आहे. पण ‘विहित नमुन्यात अर्ज करावा’ यापलीकडे तो शब्द कुणाच्या कानावर पडत नाही. मी ‘आखून जाळणे’ सुचवेन. क्षेत्रही आखलेलं आणि अटीही आखलेल्या.

‘जाळरेषा’ मात्र वेगळी ठेवा, तो वनखात्यातला रोजचा शब्द आहे. पट्ट्याच्या दोन्ही कडांचं गवत कापून मधे टाकतात, ते वाळलं की पट्टा जाळतात. माणसं हिरव्या फांद्या घेऊन कडेने उभी असतात, ज्वाळा बाहेर जीभ काढू लागली की झोडपतात. मागे उरलेल्या काळ्या पट्ट्याशी येऊन वणवा थांबावा, एवढ्यासाठी हा खटाटोप. आसामात काझीरंगात गवताळ भागच्या भाग दरवर्षी जाळतात, ते ‘आखून जाळणे’. आपल्या उद्यानाबद्दल लिहिताना जाळरेषाच म्हणा.

आणि पत्रकात एक जरूर घाला. वनखात्याचा वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. पण आमच्या गोरेगाव पूर्वेच्या डोंगरावरची मोठी आग लागली ती ३ डिसेंबर २०१८ला. गवत हंगामाची वाट बघत नाही.

ठाण्याहून:
दुसऱ्या प्रश्नाचं बोलतो. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या नोंदींवरून मोबाइलवर संदेश पाठवते. उपग्रहाला दिसते ती जमिनीवरची उष्णता. उपग्रहांवर ‘मोडिस’ आणि ‘व्हीआयआयआरएस’ ही उष्णता टिपणारी उपकरणं असतात. ‘मोडिस’चा एक ठिपका म्हणजे साधारण १ किलोमीटर बाजूचा चौकोन, ‘व्हीआयआयआरएस’चा ३७५ मीटरचा, म्हणजे जवळपास १४ हेक्टर. त्या चौकोनात नेमकं कुठे आणि किती जळतंय हे ठिपका सांगत नाही. भांडुपच्या ताईंचा राबही त्यात उमटू शकतो, वीटभट्टीसुद्धा. झाडीखाली सरपटणारी छोटी आग कधी उमटतही नाही. वनरक्षक जागेवर जाऊन बघेपर्यंत त्याला ‘वणवा’ म्हणणं चूक आहे. ‘आगीचा इशारा’ म्हणा.

मुलुंडकर:
‘इशारा’ म्हटलं की लोक पळतील. वादळाचा इशारा असतो, कारण ते पुढे येणार असतं. इथे काहीतरी आधीच तापलेलं आहे. ‘आगीची खबर’ कसं वाटतं? खबर खरी-खोटी करता येते.

ठाण्याहून:
मान्य. खबरच बरी.

बोरिवलीकर:
सगळ्यांचे आभार. सध्या मजकूर असा केला आहे: ‘उद्यानात जाळरेषेचं काम चालू असेल तेव्हा धूर दिसेल. तो वणवा नव्हे. काम नसताना धूर दिसला तर लगेच वनखात्याला किंवा अग्निशमन दलाला १०१ वर खबर द्या.’ पण काम कधी चालू आहे हे सोसायटीला कळणार कसं? त्या तारखा फाटकावर लावाव्यात अशी विनंती उद्यानाकडे करतो आणि मग शेवटचं वाक्य पक्कं करतो.

भांडुपहून:
तारखांबरोबर वेळही मागा.