जीपचं क्राऊन-पिनियन बदलायचंय, ४.८८ टाकू का थेट ४.२७?

नमस्कार मंडळी, महिंद्राची जुनी सीजे३बी आहे, पेट्रोल हरिकेन इंजिन, तीन गिअरचा टी-९० बॉक्स, टायर ओरिजिनल साईजचेच ६.००-१६. इंजिन नुकतंच बांधून घेतलंय, एकदम गोड चालतं, पण हायवेला ६०-६५ च्या वर गेलं की नुसतं किंचाळतं. वाईहून पुण्याला निघालो की सुरूर फाट्यापासून ट्रकवालेसुद्धा मागून डिपर मारायला लागतात.

मागच्या क्राऊन-पिनियनचा (शाफ्टची ताकद चाकांकडे वळवणारी दातेरी जोडी) रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या, ५.३८ आहे हे नक्की. रेशो लिहिलेली प्लेट कधीच गेलीय, म्हणून टायरला आणि प्रॉपेलर शाफ्टला (मागच्या अॅक्सलकडे जाणारा फिरता दांडा) खडूने खूण करून गाडी ढकलली, चाकाच्या एका फेरीला शाफ्ट पाच फेऱ्या मारून वर एक-तृतीयांशाच्या जरा पुढे गेला, म्हणजे ४३/८ दात्यांचाच सेट. हिशोबाने टॉपला ८० च्या स्पीडला साधारण ३२५० आरपीएम होतात, ४.८८ ला २९५० आणि ४.२७ ला २६००.

आता कागदावर ४.२७ भारीच दिसतं, पण या बॉक्सला सेकंड १.५५ आणि त्यानंतर डायरेक्ट टॉप, मधे काही नाही. ४.२७ वर ६० ला जेमतेम १९५० आरपीएम, खंबाटकी चढताना टॉप दम टाकणार आणि सेकंड घातला की लगेच ३००० वर. शिवाय फर्स्टला एकूण रिडक्शन (गिअर आणि मागचा रेशो यांचा गुणाकार, जितका जास्त तितका ओढ जास्त) १५ वरून १२ वर येतं, पसरणी घाटात चार माणसं भरून चढावर थांबलेली जीप उचलायची म्हटलं की क्लचचा वास आत्ताच नाकात येतोय. ४.८८ ला तेच साडेतेरा राहतं. महायुद्धातल्या आर्मीच्या एमबी जीपला ४.८८ च होतं, ५.३८ नंतर सिव्हिलियन मॉडेलला आलं, त्यामुळे माझं मन तिकडेच झुकतंय.

अडचण अशी की आमचे मिस्त्री म्हणतात "फक्त मागचं बदल, पुढचं राहू दे, तू फोर बाय फोर टाकतोस कुठे?" मला हे पटत नाही. ट्रान्सफर केसमधे (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणारा डबा) वेगातला फरक सांभाळणारं डिफरेन्शियल नसतं, पुढे ५.३८ आणि मागे ४.८८ असताना कुणी चुकून लिव्हर ओढला तर काहीतरी तुटणारच, आणि पावसाळ्यात शेतावर मला फोर बाय फोर लागतंच. स्पीडोची केबल ट्रान्सफर केसवरून येत असल्याने तोही कमी दाखवेल, खरे ६० असताना ५४-५५, ते चालवून घेईन.

तर कुणी पुढचं-मागचं दोन्ही ४.८८ केलंय का? पुढच्या हौजिंगचा (अॅक्सलच्या डब्याचा) सेट आजकाल मिळतो का, का जुन्या बाजारातच शोधावा लागेल? जुना घेतला तर क्राऊन आणि पिनियनवरचा जोडीचा नंबर जुळवून बघायचा एवढं माहितीय, पण शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) लावून बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) नीट सेट करणारा माणूस सातारा-पुणे भागात कोण आहे? का हे सगळं सोडून पाच गिअरचा बॉक्सच बसवू? त्यात शाफ्ट कापावे लागतील म्हणून जिवावर येतंय.

फोटो हवे असतील तर सांगा, रविवारी हौजिंगचं कव्हर उघडणारच आहे.