मदत हवी आहे: मोरीच्या (लहान शार्क माशाच्या) पोटातील पिल्लांना नाळ कशी?

नमस्कार. मी डिचोली तालुक्यातील एका विद्यालयात नववीच्या वर्गाला विज्ञान शिकवते. गेल्या रविवारी आंबोटतीक (माशाची आंबट-तिखट आमटी) करण्यासाठी म्हापशाच्या बाजारातून हातभर लांबीची मोरी आणली होती. ती साफ करताना पोटातील दोन नळीसारख्या पिशव्यांत मिळून नऊ पिल्ले निघाली. पिल्ले दहा-बारा सेंटिमीटर लांबीची, डोळे, कल्ले, पर सगळे पूर्ण झालेली होती. मला थबकायला लावले ते निराळ्याच गोष्टीने. प्रत्येक पिल्लाच्या छातीशी, पुढच्या दोन परांच्या मधोमध, एक दोरी निघालेली होती आणि तिचे दुसरे टोक पिशवीच्या भिंतीला एका गोल गाठीने घट्ट चिकटलेले होते. दोरीवर बारीक तंतूंची लव होती. नाळ म्हणावी तर ती नाळच दिसत होती, आणि मी मात्र चौदा वर्षे मुलांना ‘मासे अंडी घालतात’ एवढेच सांगत आले आहे.

आमच्या घरी गाय आहे. ती व्याल्यावर वार (नाळेचे दुसरे टोक जिला जोडलेले असते ती) पडते तेव्हा तिच्यावर बटणांसारखे कितीतरी लाल गोळे दिसतात, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. यंदा धाकट्या बहिणीच्या बाळंतपणात माणसाची वारही पाहायला मिळाली आणि ती अगदी वेगळी, भाकरीसारखी एकसंध गोल होती. सोमवारी मी वर्गात हे सगळे सांगून बसले आणि मुलांनी मला पेचात पकडले. एकाने विचारले, की घोणसही पिल्लेच घालते, मग तिच्या पिल्लांनाही नाळ असते का? दुसरीने विचारले, की सगळ्यांची नाळ एकच काम करत असेल तर वासराला जन्मल्या जन्मल्या चीक (गायीचे पहिले दूध) पाजण्याची एवढी घाई का करतात आणि बाळाच्या बाबतीत तेवढी का नसते? मी ‘पुढच्या तासाला सांगते’ असे म्हणून वेळ मारून नेली आहे. मोरीच्या त्या दोरीला नाळ म्हणणे शास्त्रदृष्ट्या बरोबर आहे का, आणि असल्यास ती आपल्या नाळेसारखीच तयार होते का, हे कृपया जाणकारांनी समजावून सांगावे.

प्रतिसाद १

बाई, निःशंकपणे नाळ म्हणा. नाक फावड्यासारखे चपटे आणि टोकदार असेल तर आपण चिरलेली मोरी बहुधा स्कॉलिओडॉन लॅटिकॉडस या जातीची असावी. आमच्या पिढीतील प्राणिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पदवीच्या प्रयोगशाळेत हिचीच चिरफाड केली आहे, मात्र पोटात पिल्ले असलेली मोरी वाट्याला येणे हे नशीब.

हिचे अंडे जेमतेम एक मिलिमीटरचे असते. शार्कांमध्ये इतके लहान अंडे दुसऱ्या कोणाचे नाही. त्यात बलक जवळपास नसतोच, त्यामुळे गर्भाला शिदोरी बरोबर मिळत नाही आणि वाढीच्या अगदी सुरुवातीपासून त्याला आईच्या अंगावरच पोसावे लागते. गर्भाशयाच्या भिंतीतून पेल्यासारखा एक उंचवटा वाढतो, त्यात गर्भाची वार बसते आणि तेथे आईच्या रक्तातील अन्न व प्राणवायू गर्भाकडे जातात. नाळेवर आपण पाहिलेली लवही पोषणासाठीच असते असे मानतात, कारण तिच्यामुळे पृष्ठभाग वाढतो आणि भोवतालच्या द्रवातूनही काही शोषून घेता येते.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. काम तेच असले तरी घडण वेगळी आहे. ज्या शार्कांच्या अंड्यात भरपूर बलक असतो त्यांच्या गर्भाला बलकाची पिशवी एका देठाने जोडलेली असते. मोरीच्या वंशात हीच पिशवी गर्भाशयाच्या भिंतीला चिकटून वार झाली आणि तिचा देठ नाळ झाला. माणसात व गायीत बलकाची पिशवी लवकरच मागे पडते. वारेतल्या रक्तवाहिन्या निराळ्याच एका पडद्यातून येतात, ज्याचे अंड्यातल्या पक्ष्याच्या गर्भातील काम श्वसन आणि टाकाऊ द्रव्यांची साठवण हे असते. म्हणजे एकाच गरजेसाठी दोन घराण्यांनी घरातले वेगवेगळे सामान वापरले. म्हणूनच मोरीची नाळ छातीशी निघते, आपली पोटाच्या मध्यावर. जन्मल्यावर मोरीच्या पिल्लाच्या छातीवर काही काळ नाळेची खूणही राहते. तिला बेंबी म्हणायला माझी हरकत नाही.

आपण एकट्याच चकित झालेल्या नाही. शार्कच्या एका जातीचे पिल्लू नाळेने गर्भाशयाला जोडलेले असते, हे ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवले होते. पुढे कित्येक शतके त्यावर फारसा विश्वास बसला नाही, आणि 1842 मध्ये योहानेस म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञाने तपासून ते खरे असल्याचे दाखवले.

घोणशीची गोष्ट साधी आहे. तिची अंडी पोटातच राहतात, कवच पातळ पडद्याएवढेच असते आणि पिल्लू मुख्यतः स्वतःच्या बलकावर वाढते. आईकडून त्याला पाणी आणि प्राणवायू मिळतो. मोरीसारखी गाठ मारलेली वार तेथे नसते.

प्रतिसाद २

चिकाविषयी मी लिहितो, कारण गुरांच्या दवाखान्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत.

गायीच्या वारेवरील ते लाल गोळे साधारण शंभराच्या आसपास असतात. प्रत्येक गोळा गर्भाशयावरील एका गाठीत, बटण काजात बसावे तसा, अडकलेला असतो. या जोडणीत आईच्या बाजूचे पडदे बहुतांशी शाबूत राहतात. माणसात मात्र वारेचे तंतू थेट आईच्या रक्तात बुडालेले असतात. दोघांतही रक्त एकमेकांत मिसळत नाही, हे मुलांना आवर्जून सांगा, कारण पुष्कळ मोठ्या माणसांचाही तो गैरसमज असतो. माणसाच्या वारेत आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक प्रथिने उचलून बाळाकडे नेण्याची खास व्यवस्थाही असते आणि शेवटच्या तीन महिन्यांत तिचा वेग वाढतो. त्यामुळे बाळ आईची शिदोरी घेऊनच जन्मते. गायीच्या वारेतून ही प्रथिने जात नाहीत. वासरू त्या बाबतीत रिकाम्या हाताने येते आणि सगळी भिस्त चिकावर असते. ती प्रथिने अखंड शोषून घेण्याची आतड्यांची ताकद तासागणिक घटत जाते आणि 24 तासांत जवळपास संपते. म्हणून पहिल्या काही तासांतच, शक्यतो सहा तासांच्या आत, चीक पोटात गेला पाहिजे. खरवसाची वाटी शेजारी धाडण्याआधी वासराचे पोट भरले का, हे बघावे. बाळालाही पहिल्या तासाभरात आईचे दूध पाजावेच, पण वासराइतकी त्याची जीवनमरणाची गाठ त्यावर नसते.

गायीचे 9 महिने 9 दिवस आणि म्हशीचे 10 महिने 10 दिवस हा आपल्याकडचा जुना हिशेब आजही बरोबर येतो. माणसाचे सुमारे 280 दिवस शेवटच्या पाळीपासून मोजतात. आणि एक विनंती: वार लोंबत राहिली तर ती ओढू नका, तिला दगड तर मुळीच बांधू नका. बारा तासांत पडली नाही तर पशुवैद्याला बोलवा.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांनाही देव बरें करूं. बटण आणि काजाचे उदाहरण मी वर्गात तसेच वापरणार आहे. नऊपैकी दोन पिल्ले नाळेसकट बरणीत घालून फ्रीजमध्ये ठेवली आहेत, आणि घरच्यांच्या नजरा आता त्या बरणीवर आहेत. ती प्रयोगशाळेत टिकवायची असतील तर काय करावे?

प्रतिसाद १

बाजारी फॉर्मॅलिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग असे मिश्रण करा. पिल्लाच्या पोटाला बारीक छेद द्या, म्हणजे द्राव आत शिरेल, आणि नाळ दुमडू नये म्हणून ती आधी काचेच्या पट्टीवर सैल दोऱ्याने ताणून बसवा. आठवडाभराने पाण्याने धुऊन 70 टक्के अल्कोहोलमध्ये हलवा. हे काम व्हरांड्यात, हातमोजे घालून, मुले जवळ नसताना करा. फॉर्मॅलिनच्या वाफेने डोळे आणि घसा चुरचुरतो. बरणीवर तारीख आणि बाजाराचे नाव लिहायला विसरू नका.