मदत हवी आहे : बंद पडलेल्या जुन्या तुरुंगाच्या आतील भागाचे छायाचित्रण

सर्वांना नमस्कार. उत्तर गोव्यातील एका बंद पडलेल्या पोर्तुगीजकालीन तुरुंगाची आतून छायाचित्रे काढण्यासाठी मला एका दिवसाची लेखी परवानगी मिळाली आहे. जागेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अशा वास्तूचा पत्ता जाहीर झाला की बिजागऱ्यांपासून कौलांपर्यंत सगळे हळूहळू नाहीसे होऊ लागते.

1946 साली गोवा मुक्तिलढ्याचे नेते डॉ. राममनोहर लोहिया आणि टी. बी. कुन्हा यांना जेथे कैदेत ठेवले होते तो आग्वादचा तुरुंग आता संग्रहालय झाला आहे आणि 1993 पर्यंत तुरुंग असलेला रेइश मागूशचा किल्लाही दुरुस्त झाला आहे. दोन्हीकडे मी छायाचित्रे काढली आहेत, परंतु स्वच्छ, डागडुजी केलेल्या भिंतींवरचा तो सराव येथे फारसा कामाला येत नाही.

येथील कोठड्या अरुंद आहेत. उंचावर गजांची एकच खिडकी, जांभ्याच्या चिऱ्यांवर चुन्याचे सुटलेले पोपडे आणि खालच्या बाजूला शेवाळ. एका कोठडीत खिडकीखाली कोणीतरी खिळ्याने शिडाचे होडके कोरलेले आहे. समोरून पाहिल्यास ते दिसतही नाही. पाहणीच्या वेळी काही चाचणी-छायाचित्रे घेतली. भिंत नीट दिसेल असे एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतलेल्या उजेडाचे प्रमाण) ठेवले की खिडकी पांढरीफटक होऊन गज त्यात विरघळतात, आणि खिडकी सांभाळली की भिंत काळीठिक्कर पडते. कमी-अधिक एक्स्पोजरच्या तीन फ्रेम सॉफ्टवेअरने आपोआप जोडून पाहिल्या, तर गजांभोवती करडी प्रभा उमटली आणि चुना रंगवलेल्या पडद्यासारखा दिसू लागला. एका स्नेह्यांनी सूर्यास्तानंतर जाण्याचा सल्ला दिला आहे. तो योग्य आहे का? कोरीव रेषा कशा टिपाव्यात? इमारतीत वीज नाही. माझ्याजवळ क्रॉप सेन्सरचा (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर असलेला) कॅमेरा, 10–18 मिमीची रुंद कोनाची लेन्स, ट्रायपॉड आणि एक एलईडी टॉर्च आहे.

उत्तर :

सूर्यास्ताचा सल्ला येथे लागू पडत नाही. कोठडीतला उजेड त्या खिडकीतूनच येत असल्यामुळे बाहेरचे आकाश मंदावते त्याच प्रमाणात भिंतही मंदावते आणि दोहोंतले अंतर जवळपास तेवढेच राहते. आत स्वतःचे दिवे लावणार असाल तरच ती वेळ फायद्याची. त्यापेक्षा खिडकीतून ऊन थेट जमिनीवर पडते ती वेळ साधावी आणि त्या कवडशावर, फ्रेमच्या बाहेर राहील अशा बेताने, पांढरी चादर अंथरावी. परतलेला उजेड छतापर्यंत पोहोचतो, आकाश मात्र आहे तेवढेच उजळ राहते. हा उपाय फुकटचा आहे आणि माझ्या मते सर्वांत परिणामकारकही.

गज विरघळण्यात लेन्सचाही वाटा असतो. पुढचा फिल्टर काढा, काच पुसा, आणि वातानुकूलित गाडीतून उतरल्याबरोबर कॅमेरा बाहेर काढू नका. आपल्याकडच्या दमट हवेत काचेवर लगेच बाष्प धरते. मॅन्युअलवर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100 आणि लेन्सचे छिद्र एफ 8 असे स्थिर ठेवून फक्त शटरचा वेग बदलत, दोन-दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) पाच रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, फ्रेम घ्याव्यात. ट्रायपॉडवर असताना लेन्सचे स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) बंद ठेवावे आणि सेल्फ-टायमर वापरावा. जोडणी आपोआप न करता भिंतीची फ्रेम मूळ धरून केवळ खिडकीचा भाग गडद फ्रेममधून हाताने घ्यावा. खिडकी भिंतीपेक्षा उजळच राहू द्यावी. दोन्ही सारख्या केल्या की चित्र खोटे वाटते.

होडक्यासाठी कॅमेरा भिंतीसमोर अगदी काटकोनात स्थिर ठेवून टॉर्च भिंतीला जवळपास चिकटवून तिरपी धरावी. एकदा डावीकडून, एकदा वरून, अशा वेगवेगळ्या फ्रेम घ्याव्यात, कारण टॉर्चच्या दिशेने जाणारी रेष त्या उजेडात दिसत नाही. एका फ्रेममध्ये मोजपट्टी ठेवल्यास पुढे नोंदीसाठीही ते छायाचित्र वापरता येईल. पोपडे मात्र साफ करू नयेत, त्यांच्याखालीही रेषा असू शकतात.

वटवाघळांची विष्ठा असल्यास एन-95 मास्क लावावा आणि चौकट स्वच्छ दिसावी म्हणून जमीन झाडू नये. ती धूळ श्वासात जाणे फुप्फुसांना घातक ठरू शकते. एकटे न जाता सोबत कोणाला तरी न्यावे.