मदत हवी आहे: यानाचा डावा पंख गेममधे गायब होतोय

ऐरोलीचा_खेकडा
मंडळी अर्जंट मदत हवीये. मॉडसाठी, म्हणजे गेममधे आपण घातलेल्या भरीसाठी, स्वतःचं यान बनवलंय, ब्लेंडरमधे (थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) झक्कास दिसतंय पण गेममधे टाकलं की डावा पंख गायब, म्हणजे अगदीच गायब नाही, कॅमेरा पंखाच्या आत घुसवला की आतल्या बाजूने दिसतो. वर पुढची रिंग मापात करूनही दुसऱ्या पार्टशी जुळत नाही, मोठी दिसते. सगळे व्हिडिओ बघून झालेत, यूट्यूब बघ असं प्लीज कोणी सांगू नका. शनिवारी मित्र येणारेत, त्याआधी उडायला हवंय.

नेरूळ_स्लो
गेम कुठला? ब्लेंडर कितवं? पंख कसा केलास? डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणाल्यासारखं झालं हे. स्क्रीनशॉट तरी टाक रे.

कोपरीकर
ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर अपडेट कर. माझ्याकडे असंच अर्धं अर्धं दिसायचं, ड्रायव्हर टाकला, विषय संपला.

ऐरोलीचा_खेकडा
कर्बल स्पेस प्रोग्राम, तो यानं बनवून उडवायचा, अजून कुठला. पहिला, दुसरा नाही. ड्रायव्हर नवाच आहे, बाकी सगळं नीट दिसतं.

जुना_मॅक्सवाला
म्हणून सांगत असतो, थ्रीडीएस मॅक्स शिका. आम्ही वाशीला क्लास केला तेव्हा असले प्रकार नव्हते. फुकटच्या सॉफ्टवेअरला हे भोगावंच लागतं.

नेरूळ_स्लो
काका, लायसन्सचे पैसे तुम्ही भरणार का? आणि फुकट म्हणून हिणवू नका, २००२ मधे लोकांनी एक लाख युरो जमवले म्हणून ब्लेंडर ओपन सोर्स झालं.

जुना_मॅक्सवाला
बरं बुवा, चालू द्या तुमचं.

आभा_नौपाडा
पंख उजव्याची कॉपी करून स्केल एक्सला उणे एक देऊन आरशातल्यासारखा उलटा केलास का?

ऐरोलीचा_खेकडा
हो, मग अप्लाय करून तो स्केल पक्का पण केला. सगळे तसंच करतात ना?

आभा_नौपाडा
करतात, पण त्यात फेसेसची, म्हणजे मॉडेलच्या पृष्ठभागाच्या तुकड्यांची, तोंडं आत वळतात. ब्लेंडरमधे बॅकफेस कलिंग, म्हणजे मागची बाजू न दाखवणं, बंद असतं म्हणून तिथे कळत नाही, गेम मात्र मागची बाजू काढतच नाही. वर ओव्हरलेमधे फेस ओरिएंटेशन चालू कर, बाहेरून निळं दिसलं तर ठीक, लाल म्हणजे उलटं. तुझा डावा पंख लालभडक असणार. एडिट मोडमधे जा, सगळं सिलेक्ट कर आणि शिफ्ट एन दाब, तोंडं बाहेर वळतील. रिंगचं माप काय घेतलंयस?

ऐरोलीचा_खेकडा
२.५ मीटर.

आभा_नौपाडा
मग गेममधे ती ३.१२५ होतेय. पार्टच्या कॉन्फिगमधे (सेटिंग्जची फाइल) रीस्केलफॅक्टरची, म्हणजे किती पट मोठं करायचं त्याची, ओळच नसेल तर गेम आपणहून १.२५ धरतो. ओळ घाल, समोर १ लिही.

कोपरीकर
त्यापेक्षा ब्लेंडरमधेच ०.८ ने लहान करायचं. मी कायम तेच करतो, कॉन्फिगला हात लावायची गरज नाही.

आभा_नौपाडा
आणि महिन्याभराने तीच फाइल उघडल्यावर हे २ मीटर का आहे म्हणून डोकं खाजवत बसायचं. एका ओळीचं काम आहे हो.

गडकरी_कट्टा
मी काय म्हणतो, परदेशी यानं कशाला? आपल्या इस्रोच्या एलव्हीएम३ रॉकेटचं मॉडेल करा ना, उंची ४३.५ मीटर, चांद्रयान ३ त्यानेच गेलं. पोरांना अभिमान वाटेल.

नेरूळ_स्लो
चांगली कल्पना, पण खरी मापं तशीच घातली तर तिथे राक्षस दिसेल. गेममधल्या कर्बिन ग्रहाची त्रिज्या फक्त ६०० किमी आहे, पृथ्वीची ६३७१. पार्ट पण त्या मानाने छोटे असतात.

ऐरोलीचा_खेकडा
काका, यान परदेशी नाही, माझ्या डोक्यातलं आहे. आभाताई, पंख आला!! रिंगही चपखल बसली. पण आता लाँचपॅडवर ठेवलं की सगळंच्या सगळं जमिनीतून खाली जातंय. मेश कोलायडर, म्हणजे धडकेसाठीचा न दिसणारा आकार, लावलाय यूनिटीत (गेम बनवायचं सॉफ्टवेअर).

आभा_नौपाडा
कॉन्व्हेक्सवर टिक केलीस का?

ऐरोलीचा_खेकडा
नाही. केली तर चालेल?

आभा_नौपाडा
जमिनीवर उभं राहील, पण पूर्ण यानाला एकच लावू नकोस. कॉन्व्हेक्स म्हणजे बाहेरून रबर ताणून बसवल्यासारखं, दोन पंखांच्या मधली मोकळी जागा भरून टाकतं. तिथे दुसरं यान आणायला गेलास की न दिसणाऱ्या भिंतीवर आपटेल. धडाला एक, प्रत्येक पंखाला एक, असे साधे ठोकळे वेगळे बनव. कॉन्व्हेक्सला २५५ त्रिकोणांची मर्यादा आहे, त्यामुळे नक्षीकाम तिथे नकोच.

गडकरी_कट्टा
अवांतर: ठाण्यात जुना ड्रॉइंग टॅब्लेट कुठे मिळेल? भाचीला हवाय.

कोपरीकर
काका, वेगळा धागा काढा.

ऐरोलीचा_खेकडा
बापरे, डॉकिंग पोर्ट, म्हणजे दुसरं यान जोडायची जागा, नेमका त्या मधल्या जागेतच आहे. ठोकळे करायला बसतो. इंजिनाचा जाळ पण बाजूला जातोय, त्याला नवीन धागा काढू का ताई?

आभा_नौपाडा
नको. यूनिटीत थ्रस्टट्रान्सफॉर्मचा, म्हणजे इंजिनाच्या जोराची दिशा ठरवणाऱ्या खुणेचा, निळा बाण, म्हणजे झेड, जाळ जिकडे जायला हवा तिकडे फिरव. मग परत एक्सपोर्ट कर.